व्यायामाची जागा : तालमीतून घरात

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेविषयी जे लेखन झाले आहे, त्यात मल्लांची चरित्रे, डावपेचांचे प्रकार आणि साधनांची वर्णने विपुल आढळतात. बडोद्याहून १९३६ पासून दहा खंडांत प्रसिद्ध झालेला व्यायाम ज्ञानकोश हे या लेखनाचे शिखर होय. परंतु व्यायामास जागा किती लागते, ती कशी बांधावी लागते आणि ती कोणाच्या मालकीची असते, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यायाम तालमीतून घरात कसा आला, हे जागेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हे स्थलांतर साधनांनी घडविले, असा सामान्य समज आहे. वस्तुतः जी व्यायामपद्धती घरात खऱ्या अर्थाने स्थिरावली, ती साधनांचा त्याग करणारी होती.

१. तालमीची बांधणी

व्यायामासाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मल्लविनोदाच्या निमित्ताने भारश्रम व स्तंभश्रम यांसारख्या श्रमांचा निर्देश येतो. मात्र तेथील मल्ल राजाश्रित आहेत. त्यांच्या आहाराचा व आखाड्याचा भार राजाने वाहावयाचा आहे.

पुढील काळातील तालीम हे गावाचे किंवा पेठेचे स्थान होते. तिचा गाभा म्हणजे तांबड्या मातीचा हौद. या मातीत तेल, हळद, ताक, लिंबाचा रस इत्यादी पदार्थ मिसळून ती मऊ व ओलसर ठेवीत. जुन्या तालमींचे दार ठेंगणे, खिडक्या थोड्या व लहान आणि जमीन पुष्कळदा रस्त्याच्या पातळीहून खाली असे. घामाने भिजलेल्या अंगास वारा लागू नये व माती सुकू नये, असा हेतू त्यामागे सांगितला जातो. हौद वरचेवर खणून माती मोकळी करावी लागे, आणि हे खणणे हाच एक व्यायाम समजला जाई. हौदाच्या कडेला जोर-बैठकांची जागा, कोपऱ्यात मुद्गल, नाल व संतोला, एका बाजूस मल्लखांब आणि कोनाड्यात मारुती, अशी ही एकूण रचना होती.

यांपैकी घरात काय नेता येण्याजोगे होते? हौद नेणे सामान्य गृहस्थास अशक्यच. मल्लखांबाचा काही भाग जमिनीत पक्का पुरावा लागतो आणि कसरत करणाऱ्याचे शरीर भोवती चहूकडे फिरते, म्हणून त्यास अंगण किंवा चौक हवा. मुद्गल हलविता येतात, हे खरे. परंतु साडेपाच फूट उंचीचा मनुष्य हात वर करतो तेव्हा तो सुमारे सात फुटांपर्यंत पोहोचतो. त्याच्या हातात दोन फुटांचा मुद्गल असेल, तर तो पूर्ण फिरविण्यास नऊ फुटांहून अधिक उंचीचे छत लागणार, आणि दोन्ही बाजूंसही तितकेच अंतर मोकळे ठेवावे लागणार. तात्पर्य, तालमीतील साधने तालमीच्याच मापाची होती.

२. सँडोची साधने

घराच्या मापाची साधने प्रथम युरोपात तयार झाली. प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे १८६७ मध्ये जन्मलेला यूजेन सँडो हा त्या व्यवसायाचा सर्वांत प्रसिद्ध प्रवर्तक. त्याचे शक्तिसंवर्धनावरील पुस्तक १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. दारास अथवा भिंतीस अडकवून ताणावयाच्या रबरी दोऱ्या आणि मुठीने दाबावयाच्या स्प्रिंगचे डंबेल्स ही त्याची साधने होत. स्प्रिंगच्या डंबेलचे दोन भाग असून मूठ घट्ट आवळली तरच ते एकत्र येतात. म्हणजे श्रम वजनातून न येता प्रतिरोधातून येतो. त्यामुळे जड लोखंडाची गरज कमी झाली आणि साधन पेटीत मावू लागले. उस्तादाची जागा छापील तक्त्याने घेतली, हा या पद्धतीचा दुसरा विशेष. १९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केला, तेव्हा त्याच्या नावाची कीर्ती येथे आधीच पोहोचलेली होती.

याचा उत्तम पुरावा औंध संस्थानात मिळतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची साधने व पुस्तके विकत घेऊन सुमारे दहा वर्षे त्याच्या सूचनांप्रमाणे नियमित व्यायाम केला, असे त्यांनीच नमूद केले आहे. राजघराण्यास जागेची वा पैशाची अडचण नव्हती. तरीही १९०८ च्या सुमारास त्यांनी ही साधने बाजूस ठेवून सूर्यनमस्कार हाच आपला मुख्य व्यायाम केला.

३. औंधचा मार्ग

सूर्यनमस्कार हे उपासनेचे अंग म्हणून पूर्वीपासून प्रचारात होते. त्यांची मोजून-मापून व्यायामपद्धती करणे आणि ती पुस्तके, तक्ते व शाळा यांच्याद्वारे पसरविणे, हे बाळासाहेबांचे कार्य. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या लेखिकेने संपादित केलेले त्यांचे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले.

जागेच्या दृष्टीने पाहता या पद्धतीचे मर्म वेगळेच दिसते. पुढे वाकून हात एकदा जमिनीवर टेकले की ते उठेपर्यंत त्याच ठिकाणी राहतात. फक्त पाय मागे जातात व पुढे येतात. जोराची क्रिया यात सामावली आहे, पण तिला शरीराच्या लांबीपलीकडे जागा लागत नाही. सात फूट लांब व तीन फूट रुंद, म्हणजे एकवीस चौरस फूट जमीन पुरते. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. तिच्यात मुद्गलास वाव नव्हता, रबरी दोरीस भिंत होती पण ती घेण्यास पैसा नव्हता. नमस्कारास मात्र अंथरूण गुंडाळल्यावर रिकामी होणारी जमीन पुरेशी होती.

युरोपातही याच सुमारास अशीच दिशा दिसते. डेन्मार्कच्या म्युलरने १९०४ मध्ये रोज पंधरा मिनिटांची, बिनसाधनांची पद्धती प्रसिद्ध केली. घर लहान होत गेल्यावर व्यायामास साधन सोडावे लागले, असे या साम्यावरून म्हणता येईल.

४. लाभ आणि हानी

या स्थलांतराचा मोठा लाभ स्त्रियांना झाला. तालमीच्या हौदात स्त्रीस प्रवेश नव्हता. औंधच्या राजवाड्यात मात्र राणीसाहेब व मुले नमस्कार घालीत, आणि स्त्रियांनी ते घालावेत असा बाळासाहेबांचा आग्रह होता. घराच्या चार भिंतींनी स्त्रीला पुष्कळ गोष्टींपासून दूर ठेवले. व्यायामाच्या बाबतीत त्याच भिंती तिच्या उपयोगी पडल्या.

हानी निराळ्या स्वरूपाची आहे. तालमीत येणाऱ्या गरीब मुलास स्वतःची खोली नसली तरी माती, मल्लखांब व उस्ताद मिळत. चुकलेला जोर पाहणारा डोळा तेथे होता, तो तक्त्यात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि महाराष्ट्रातील व्यायामशाळा त्या वर्षीच्या २५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, बंद राहिल्या. ज्यांच्या घरी एक खोली मोकळी होती, त्यांनी या काळात तेथे यंत्रे मांडली. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा एकवीस चौरस फुटांचा हिशेबच पुन्हा लागू पडला.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, घरातील व्यायामस्थानाची आखणी हा केवळ साधनांच्या निवडीचा प्रश्न नाही. घरात जागा किती आहे आणि त्या जागेवर घरातील कोणाचा अधिकार चालतो, हे आधी ठरते. साधन त्यानंतर येते. तालमींच्या इतिहासाप्रमाणे घरांच्या मापांचाही अभ्यास झाला, तर आपल्या व्यायामपरंपरेतील पुष्कळ स्थित्यंतरांचा उलगडा होण्यास मदत होईल.