जोयडा : दळणवळण आणि सार्वजनिक जागा

जोयडा हा कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जंगलव्याप्त, डोंगराळ तालुका. पूर्वीचे नाव सुपा. काळी व पांढरी नद्यांच्या संगमावरील सुपा गाव गणेशगुडीजवळील १०१ मी. उंच धरणाच्या जलाशयात बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि अनेक विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. नदीकाठच्या जुन्या गावाऐवजी बेळगाव–गोवा महामार्गालगतचे रामनगर बाजारपेठ बनले. महामार्गावरच्या अशा गावात रस्ता हाच चौक, बाजार आणि थांबा होतो. तेथे पायी चालणाऱ्यासाठी सावली, बसायला कट्टा आणि रस्ता ओलांडण्याची सोय आधी हवी. गाड्यांची सोय त्यानंतर.

याच तालुक्यातील कॅसलरॉक या गावाचा इतिहास वेगळा. १८८८ मध्ये मुरगावहून लोहमार्ग येथे पोहोचला. गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, हे ब्रिटिश व पुढे भारतीय हद्दीचे सीमास्थानक होते. मालाची व प्रवाशांची तपासणी येथे होत असल्याने फलाट हीच गावाची मुख्य सार्वजनिक जागा होती. सीमा गेली आणि तो राबता ओसरला.

आता पर्यटकांच्या मोटारी गणेशगुडीच्या नौकाविहाराकडे येतात. मात्र तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात असल्याने येथे रस्त्यांच्या रुंदीकरणाला मर्यादा आहेत, आणि त्या योग्यच आहेत. लोहमार्गाबाबतही तसेच झाले : कॅसलरॉक ते गोव्यातील कुळे या मार्गाच्या दुहेरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.