वाडा राघोबादादांचा, वस्ती आनंदीबाईंची

कोल्हारचा प्रवरेवरचा पूल ओलांडला की मनमाडचा रस्ता बाभळेश्वर, राहाता, शिर्डी करत गोदाकाठी कोपरगावात येतो. तिथल्या जुन्या वाड्याला गाव राघोबादादांचा वाडा म्हणतं. कागद तारखांप्रमाणे लावले, की हे नाव अपुरं वाटू लागतं.

पहिला कागद इंग्रज आणि मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहाचा, १७ मे १७८२ चा. राहण्याची जागा ठरवायला राघोबादादांना तह पक्का झाल्यापासून चार महिने मुदत. मग इंग्रजांचा आसरा बंद. आपणहून महादजी शिंद्यांकडे जाऊन स्वस्थ राहिले, तर पेशव्यांकडून दरमहा २५,००० रुपये. नाना फडणविसांची मान्यता डिसेंबर १७८२ मध्ये आली, तह पुरा झाला २४ फेब्रुवारी १७८३ ला. राघोबादादा वारले ११ डिसेंबर १७८३ रोजी. नेमणुकीवरचं त्यांचं इथलं राहणं कितीही ताणलं तरी वर्ष भरत नाही.

त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या पत्नी आनंदीबाईंची. नवरा गेला तेव्हा त्या गरोदर होत्या. चिमाजीआप्पा जन्मले मार्च १७८४ मध्ये. थोरला मुलगा बाजीराव, पुढे शेवटचा पेशवा झालेला, तेव्हा नऊ वर्षांचा. १८२६ साली ग्रँट डफने लिहून ठेवलं, की हे कुटुंब १७९३ पर्यंत कोपरगावीच होतं. शेवटचा पेशवा वाढला तो पुण्यात नव्हे, पुण्याच्या नजरेखालच्या या गोदाकाठी.

आता वाड्याच्या बांधणीकडे. त्या काळी घर खणांत मोजत. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. तळखडा लाकडाला ओलीपासून वर उचलून धरतो. नदीकाठी त्याचं मोल मोठं. तुळई पेलेल तेवढाच खण, म्हणून धनी कितीही थोर असला तरी दालन रुंदीला आखूडच. वाढवायचं तर लांबीला खण जोडत जायचं.

१८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात कोपरगाव राघोबादादांचं आवडतं राहण्याचं ठिकाण म्हणून येतं. आनंदीबाईंच्या नावाला मात्र चिकटली ती ‘ध’चा ‘मा’ केल्याची, म्हणजे चिठ्ठीतलं ‘धरावे’ बदलून ‘मारावे’ केल्याची गोष्ट, जिची मूळ चिठ्ठी आज उपलब्ध नाही. मला हा अन्याय वाटतो. ज्याला कागद नाही ते सगळ्यांच्या तोंडी, आणि ज्या दहा वर्षांना आधार आहे, त्यांतली बाई वाड्याच्या नावातही नाही.

१७९३ मध्ये सगळ्यांना नाशिकजवळ आनंदवल्लीला हलवलं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई तिथे वारल्या आणि मुलांची रवानगी शिवनेरीवर झाली.