नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन : दूरसंचार जाळ्यातील कामांचे आभासीकरण

नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन, संक्षेपाने एनएफव्ही : दूरसंचार जाळ्यातली कामे खास त्यांच्यासाठी घडवलेल्या यंत्रांतून सोडवून, साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या रूपात चालवण्याची पद्धत. फोन लावणारा ग्राहक आपलाच आहे ना हे तपासणे, त्याचे डेटाचे पॅकेट पुढे धाडणे, बिलासाठी वापर मोजणे, फायरवॉल लावणे ही अशी कामे होत. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळा बॉक्स असे. एनएफव्हीत ती सगळी एकाच जातीच्या सर्व्हरांच्या रांगेवर चालतात आणि गरजेप्रमाणे वाढवता-घटवता येतात. एसडीएन ही तिची सख्खी शेजारीण. एसडीएन पॅकेटची वाट ठरवणारा मेंदू पॅकेट वाहणाऱ्या हातांपासून वेगळा करते, तर एनएफव्ही काम आणि यंत्र यांची फारकत करते. दोन्ही सोबत वापरता येतात, पण एकीवाचून दुसरीचे अडत नाही.

उगम

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात भरलेल्या एका परिषदेत १३ दूरसंचार कंपन्यांनी मिळून एक श्वेतपत्रिका मांडली. त्यांत अमेरिकेच्या एटी अँड टी आणि व्हेरायझन, ब्रिटनची बीटी, जर्मनीची डॉइच टेलिकॉम, स्पेनची टेलिफोनिका, जपानची एनटीटी, चीनची चायना मोबाइल अशी बडी नावे होती. ही गिऱ्हाइकांनी दुकानदारांपुढे ठेवलेली तक्रार होती. नवी सेवा आणायची की नवा बॉक्स आला. त्याला जागा हवी, वीज हवी, तो हाताळणारा माणूस हवा. आणि हे सगळे जमेपर्यंत त्या बॉक्सचे आयुष्य संपत आलेले. डेटा सेंटरवाले हेच गणित साध्या सर्व्हरवर आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक, चालवून सोडवत होते. मग टेलिफोन कंपन्यांनी का सोडवू नये?

वर्ष सरायच्या आत युरोपच्या ईटीएसआय या मानकसंस्थेत त्यासाठी खास गट उभा राहिला. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्समधल्या सोफिया अँटिपोलिस इथे त्याची पहिली बैठक झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध झाले.

रचना

ईटीएसआयने आखलेल्या आराखड्यात तीन भाग आहेत. पहिला पाया : सर्व्हर, साठवण, स्विच आणि त्यांवर पसरलेला आभासी थर, म्हणजे एनएफव्हीआय. दुसरा भाग प्रत्यक्ष कामांचा; सॉफ्टवेअर झालेल्या अशा प्रत्येक कामाला व्हीएनएफ म्हणतात. तिसरा भाग या सगळ्यांवरच्या मुकादमाचा. मॅनो नावाचा हा थर कोणते काम कुठल्या सर्व्हरवर बसवायचे, कधी वाढवायचे, कधी बंद करायचे हे ठरवतो.

पायासाठी बहुतेकांनी ओपनस्टॅक निवडले. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि रॅकस्पेस कंपनी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर. मुकादमीसाठी मात्र एकमत झाले नाही. ईटीएसआयच्या छत्राखाली २०१६ मध्ये ओपन सोर्स मॅनो सुरू झाले. एटी अँड टीने ईकॉम्प हे आपले घरचे व्यवस्थापन-सॉफ्टवेअर खुले केले आणि २०१७ मध्ये ते ओपन-ओ या प्रकल्पात मिसळून ओनॅप तयार झाले.

वेगाचा प्रश्न

वेबसाइट आभासी यंत्रावर चालवणे आणि टेलिफोनचे जाळे चालवणे यांत मोठा फरक आहे. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी एक तार सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेट येतात. एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात सुमारे २०० ठोके मिळतात. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातून पॅकेट जाऊ दिले, तर त्यातले बरेच ठोके नुसत्या हस्तांतरात खर्ची पडतात.

यावर दोन उपाय रूढ झाले. इंटेलकडून आलेले डीपीडीके ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला बगल देऊन पॅकेट थेट सॉफ्टवेअरच्या हाती देते. त्यासाठी प्रोसेसरचे काही कोअर याच कामाला जुंपून ठेवावे लागतात. पॅकेट येवो न येवो, ते पूर्ण वेगाने फिरत राहतात आणि वीजही खातात. दुसरा उपाय एसआर-आयओव्ही : नेटवर्क कार्ड स्वतःचे अनेक तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा एकेका आभासी यंत्राच्या नावे करते. वेग मिळतो, पण ते यंत्र त्या कार्डाशी जखडले जाते आणि चालू अवस्थेत दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे अवघड होते. यंत्रापासून सुटण्यासाठी सुरू केलेला खटाटोप वेगासाठी पुन्हा यंत्राच्या दारात येतो तो असा.

भरवशाचेही तसेच. दूरसंचारात ९९.९९९ टक्के उपलब्धता हा जुना दंडक आहे. त्यात वर्षभरात सुमारे सव्वापाच मिनिटे बंद एवढीच सवलत बसते. जुन्या बॉक्समध्ये एक कार्ड कामावर आणि दुसरे राखीव, अशी जोडी कारखान्यातच बसवलेली असे. क्लाउडमध्ये जोडीतली दोन्ही आभासी यंत्रे योगायोगाने एकाच सर्व्हरवर पडली, तर तो सर्व्हर दोघांनाही घेऊन बसतो. म्हणून ‘या दोघांना एकत्र ठेवू नये’ असा अँटी-अफिनिटीचा नियम मुकादमाला लिहून द्यावा लागतो.

प्रत्यक्ष उभारणी

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत जपानचे मोबाइल जाळे किती कोंडते हे सर्वांनी पाहिले होते. एनटीटी डोकोमोने मार्च २०१६ मध्ये आपल्या ४जी कोअरमध्ये, म्हणजे जाळ्याच्या मध्यवर्ती भागात, एनएफव्ही आणली. आपत्तीत फोनची झुंबड उडाली, तर कोअरची क्षमता तिकडे वळवता यावी, हा तिचा एक जाहीर हेतू होता. एकाच पायावर अनेक व्हेंडरांचे सॉफ्टवेअर चालवायचे, हेही तिने ठरवून केले.

एटी अँड टीने २०१३ मध्ये ‘डोमेन २.०’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि पुढे २०२० पर्यंत जाळ्यातली ७५ टक्के कामे सॉफ्टवेअरच्या ताब्यात देण्याचे लक्ष्य ठेवले. कंपनीच्या हिशेबाने २०१६ अखेर ३४ टक्के आणि २०१७ अखेर ५५ टक्के मजल गाठली गेली. पण स्वतः उभा केलेला क्लाउड स्वतःच सांभाळणे हा वेगळाच धंदा असतो. जून २०२१ मध्ये एटी अँड टीने आपल्या ‘नेटवर्क क्लाउड’चे तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टकडे सोपवण्याचा करार केला. त्याच वर्षी डिश या अमेरिकी कंपनीने आपले ५जी जाळे ॲमेझॉनच्या क्लाउडवर बांधायचे जाहीर केले.

सर्वांत धीट प्रयोग जपानच्या राकुतेनचा. या कंपनीकडे जुने जाळेच नव्हते, त्यामुळे मोडायचेही काही नव्हते. कोअरपासून रेडिओच्या प्रक्रियेपर्यंत सगळे सॉफ्टवेअर, असे जाळे तिने आखले. टॉवरवरचा अँटेना आणि रेडिओ मात्र हार्डवेअरच राहिले, आणि गाडी अडली ती नेमकी तिथेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेवा सुरू व्हायची होती, पण टॉवर उभारणी मागे पडली आणि जपान सरकारने तंबी दिली. सुरुवात ५,००० ग्राहकांपुरती मर्यादित झाली, तर व्यापारी सेवा ८ एप्रिल २०२० ला आली. या जाळ्याचे तेव्हाचे तंत्रप्रमुख तारेक अमीन त्याआधी रिलायन्स जिओमध्ये होते. राकुतेनच्या तोक्यो आणि बंगळुरू इथल्या प्रयोगशाळांसाठी पुण्यात मुख्यालय असलेली टेक महिंद्रा भागीदार होती. राकुतेनचाच साचा वापरून जर्मनीच्या १&१ कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपली मोबाइल सेवा सुरू केली.

अडचणी

बॉक्स विकत घेताना त्याच्या आतले सगळे जमवून देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी असे. एनएफव्हीत सर्व्हर एकाचा, आभासी थर दुसऱ्याचा, काम करणारे सॉफ्टवेअर तिसऱ्याचे आणि मुकादम चौथ्याचा. कॉल तुटू लागले की चौघेही आपला भाग ठीक असल्याचे दाखवतात, आणि सांधा तपासायला ऑपरेटरचाच माणूस बसतो. ही सांधेजोड आधीच तपासता यावी म्हणून ईटीएसआयने २०१७ च्या सुरुवातीला माद्रिदजवळच्या लेगानेस इथे एनएफव्हीची पहिली ‘प्लगटेस्ट’ भरवली. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले भाग एकमेकांना जोडून पाहिले.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरच्या घडणीची होती. सुरुवातीच्या अनेक व्हीएनएफ म्हणजे जुन्या बॉक्समधलाच ऐवज उचलून आभासी यंत्रात कोंबलेला. ग्राहक वाढले की एखादा लहानसा भाग वाढवण्याऐवजी आख्खे यंत्रच दुसऱ्यांदा उभे करावे लागे. ३जीपीपी या जागतिक मानकसंस्थेने २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘रिलीज १५’ने ५जी कोअरची मांडणीच लहान लहान सेवांच्या रूपात केली. तिच्यासोबत आभासी यंत्रांची जागा त्यांहून हलक्या कंटेनरांनी आणि ओपनस्टॅकची जागा कंटेनर सांभाळणाऱ्या कुबर्नेटिसने घ्यायला सुरुवात केली. अशा कामांना सीएनएफ म्हणतात. जुनी आणि नवी घडण कित्येक जाळ्यांत शेजारी शेजारी नांदते.

तिसरी अडचण अंतराची. कोअर शहरापासून दूर ठेवता येतो, पण रेडिओची तातडीची प्रक्रिया करणारा सर्व्हर टॉवरपासून साधारण २० किलोमीटरच्या आत लागतो, कारण उत्तर काही मिलिसेकंदांत परत जायला हवे. त्यामुळे मोठ्या डेटा सेंटरांच्या जोडीला गावोगावची छोटी केंद्रेही सर्व्हरांनी भरावी लागतात.

भारतात

नवी मुंबईतल्या घणसोलीत मुख्य तळ असलेल्या जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली ती २जी-३जीचे ओझे न घेता. तिचे ५जी जाळे ऑक्टोबर २०२२ पासून स्वतः विकसित केलेल्या स्वतंत्र कोअरवर चालते.

बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्‌घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथे झाले. ५जीपर्यंत वाढवता येईल असे हे जाळे सॉफ्टवेअरवर बेतलेले आहे. त्यातला कोअर सरकारी संशोधनसंस्था सी-डॉटचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचा आणि या सगळ्यांना सांधून चालते जाळे उभे करण्याची जबाबदारी मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची.