मोह म्हणजे विसर

‘मला मोह आवरला नाही’ हे वाक्य मराठीत बहुतेक वेळा जिलबीबद्दल, पैठणीबद्दल नाहीतर जुन्या पुस्तकांच्या दुकानाबद्दल असतं. समोर काहीतरी लोभस आहे, डोकं नको म्हणतंय आणि हात पुढे जातोय, एवढाच आजचा मोह. त्यात माणसाला सगळं ठाऊक असतं. आपण कोण, समोर काय आहे, उद्या वजनकाटा काय दाखवणार, सगळं. संस्कृतातल्या मोहात नेमकं हेच ठाऊक नसतं.

मूळ धातू मुह्. अर्थ गोंधळणं, भान हरपणं, काही न सुचणं. मोह त्यातून आला, तसेच मूढ आणि मुग्ध हेही. त्यातले मूढ आणि मुग्ध तर जुळे भाऊ आहेत. एकाच धातूला एकच प्रत्यय लागून झालेली ही दोन रूपं, आणि पाणिनीने दोन्हींना मान्यता दिली आहे. संस्कृतात दोघांचाही अर्थ ‘ज्याला कळत नाही असा’. पुढे मात्र दोघांचं नशीब फिरलं. मूढ शिवी होऊन बसला आणि मुग्धाला लाडाने कडेवर घेतलं गेलं. न कळणारा माणूस वयाने लहान असेल, दिसायला देखणा असेल, तर त्याचं न कळणं गोड वाटतं, हा जुनाच न्याय. काव्यशास्त्रातली मुग्धा नायिका त्या न्यायानेच आली आणि पुढे मुलींचं नाव झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या काळी, हेमाद्रीच्या आश्रयाला असलेल्या वोपदेवाने ‘मुग्धबोध’ नावाचं व्याकरण लिहिलं. त्या नावात लाडाचा लवलेश नाही. ज्यांना व्याकरणातलं काही कळत नाही त्यांना कळावं म्हणून लिहिलेलं पुस्तक, इतका रोखठोक अर्थ. आणि हल्ली गाण्याच्या प्रत्येक मैफलीनंतर वर्तमानपत्रात रसिक ‘मंत्रमुग्ध’ होतात, तेव्हा बातमीदार शब्दशः काय लिहून गेला हे त्याला कुणी सांगू नये.

मूर्ख हा शब्द या घरातला वाटतो, पण तो शेजारचा. तो मूर्च्छ् या धातूपासून आला, आणि त्या धातूत घट्ट होणं, थिजणं असा अर्थ आहे. मूर्च्छा तिथलीच, आणि गंमत म्हणजे मूर्तीही तिथलीच. मूर्ख म्हणजे थिजलेला. मूढाचं तसं नाही, तो वाट चुकलेला आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला, तो याच थिजण्याच्या दोन जाती दाखवायला, असं मला आपलं वाटतं.

मोहाचा जुना अर्थ गीतेत स्वच्छ दिसतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन कृष्णाला सांगतो की मोह गेला आणि स्मृती परत मिळाली. दोन्ही गोष्टी एका दमात. दुसऱ्या अध्यायातली उतरंडही तीच आहे: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश. म्हणजे मोहाच्या विरुद्ध संयम नव्हे, स्मृती. मोह म्हणजे विसर, आणि तोही साधा नव्हे, तर आपण कोण आहोत याचा विसर. षड्रिपूंच्या यादीत काम, क्रोध यांच्या मागोमाग मोह लोभाच्या शेजारी बसला, आणि लोभाचा वास त्याला लागला असावा.

हा जुना अर्थ मनात धरून ‘अभिज्ञानशाकुंतल’ वाचलं की नाटकाचं नावच वेगळं दिसू लागतं. अभिज्ञान म्हणजे ओळख, आणि ओळख पटवणारी खूणही. रामायणात मारुतीने सीतेला दिलेली अंगठी हे अभिज्ञानच होतं. पण तिथे खूण पाहून सीतेला दूताची ओळख पटते. कालिदासाच्या नाटकात दुर्वासाच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला विसरतो, आणि खूण लागते ती त्यालाच, स्वतःनेच केलेलं लग्न आठवण्यासाठी. सातव्या अंकात शकुंतलेची क्षमा मागताना तो आपल्या वागण्याला जो शब्द वापरतो, तो मोह.

महाभारतात असलं काही नाही. आदिपर्वात ना दुर्वासाचा शाप, ना अंगठी, ना ती गिळणारा मासा. तिथला दुष्यंत शकुंतलेला पाहताक्षणी ओळखतो, सगळं आठवत असताना भर सभेत नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर सांगतो की मला माहीत होतंच, पण लोकांनी संशय घेतला असता. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी 1962 मध्ये ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे कोर्टात एकेका बायकोला तोंडावर नाकारत गेला आणि नाटकाचं नाव बोलीत म्हणीसारखं रुळलं. त्या लखोबाचा मूळपुरुष महाभारतातला हा दुष्यंत. फरक इतकाच की लखोबाला न्यायाधीश भेटले, राजा स्वतःच न्यायाधीश होता.

कालिदासाला नायक म्हणून लबाड चालणार नव्हता. म्हणून त्याने लबाडीच्या जागी मोह घातला आणि दोष शापाच्या माथी मारला. समीक्षकांनी याबद्दल त्याची पाठ थोपटली आहे. मला मात्र त्या शापापेक्षा दुसऱ्या अंकातली एक छोटी थाप जास्त बोलकी वाटते.

दुष्यंत आश्रमाजवळ मुक्कामाला असताना आपल्या विदूषकाला, माधव्याला, शकुंतलेबद्दल सगळं मन मोकळं करून सांगतो. तेवढ्यात राजमातेचा निरोप येतो, आणि ऋषींना यज्ञरक्षणासाठी राजा हवा असतो. राजा स्वतः थांबतो आणि आपल्या जागी माधव्याला राजधानीत धाडतो. पण हा बटू अंतःपुरात जाऊन बडबडला तर? म्हणून निघताना त्याला सांगतो की ते शकुंतलेचं सगळं थट्टेत बोललो होतो, खरं धरू नकोस. दुर्वास अजून रंगमंचाच्या जवळपासही नाही. ही थाप पूर्ण शुद्धीवर, विचार करून मारलेली आहे.

पाचव्या अंकात शकुंतला दरबारात उभी राहते तेव्हा खरं ठाऊक असलेला एकच माणूस राजवाड्यात आहे, आणि तो तिथे नाही. अंकाच्या सुरुवातीलाच राजाने त्याला रुसलेल्या हंसपदिका राणीची समजूत काढायला पाठवलं आहे. कालिदास या माणसाला किती हुशारीने बाजूला काढतो पाहा: आधी थाप, मग निरोप्याचं काम. सहाव्या अंकात अंगठी मिळाल्यावर व्याकूळ झालेला राजा माधव्याला विचारतो, तूही माझ्यासारखाच विसरलास का? त्यावर तो जे उत्तर देतो ते मला सबंध नाटकातलं सर्वांत अवघड उत्तर वाटतं. मी विसरलो नव्हतो, तो म्हणतो. पण सगळं सांगून झाल्यावर तूच म्हणालास की थट्टा होती, आणि मातीच्या गोळ्याच्या बुद्धीच्या मीही ते खरं मानलं.

विदूषक या शब्दात दूष् धातू आहे, दूषण देणारा तो विदूषक. शेंडी, खादाडी, रडूबाईपणा हे सगळं नंतर. पण माधव्य इथे राजाला दूषण देत नाही. तो ते स्वतःला लावून घेतो, आणि राजाला त्यातला आपला वाटा कळतो की नाही, हे कालिदासाने सांगितलेलं नाही. ज्याची स्मृती शाबूत होती तो स्वतःला मूढ म्हणवून घेतो, आणि ज्याची गेली त्याला शापाचं प्रमाणपत्र मिळतं. शिवाय माधव्य बोलतो प्राकृतात आणि राजा संस्कृतात. तेव्हा नोंद कुणाची राहणार हे ठरलेलंच.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात मराठी ‘शाकुंतल’ पहिल्यांदा रंगमंचावर आणलं, तेव्हा पहिले चारच अंक झाले होते. म्हणजे त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी दुसऱ्या अंकातली थाप पाहिली, चौथ्यातला शाप ऐकला, शकुंतलेची पाठवणी पाहिली आणि ते घरी गेले. नाकारणं, अंगठी, क्षमा, काहीच नाही.

शेवटच्या अंकात मारीच ऋषी राजाला आणि शकुंतलेला शापाची हकीकत समजावून सांगतात. राजाचं मन हलकं होतं, तिचंही. माधव्य त्या वेळी हस्तिनापुरात आहे. सहाव्या अंकाच्या शेवटी राजाने त्याला अमात्याकडे निरोप घेऊन पाठवलं, आणि त्यानंतर तो नाटकात येत नाही. त्याच्यापुरती गोष्ट एवढीच राहते, की मित्राने एक गोष्ट सांगितली, मग ती खोटी म्हणून सांगितली, आणि ती खरी निघाली.