दानाचे पाणी की तर्पणाचे?

ज्याचे कम्म त्याचे फळ, हा बौद्ध विचाराचा पाया आहे. चेतना, म्हणजे कृतीमागचा हेतू, हेच कम्म, असे अंगुत्तर निकायात बुद्धांनी सांगितले आहे, आणि एकाचा हेतू दुसऱ्याच्या खाती जमा होण्याची सोय या व्याख्येत दिसत नाही. तरीही थायलंड आणि म्यानमारमधील उपासक भिक्खूंना दान दिल्यावर छोट्या भांड्यातून पाण्याची धार सोडतात आणि त्या दानाचे पुण्य मृत आप्तांच्या नावे करतात. थायलंडात या विधीला ‘क्रुअत नाम’ म्हणतात. ही धार धम्मात शिरली कुठून, या प्रश्नाचा एक धागा मराठीतच सापडतो. ‘तिलांजली देणे’ आणि ‘पाणी सोडणे’ या दोन्ही वाक्प्रचारांचा अर्थ आज एकच, कायमचा त्याग करणे. परंतु पहिला मृताला दिल्या जाणाऱ्या तीळमिश्रित ओंजळीतून आला आहे, तर दुसरा, ज्याचे भारदस्त रूप ‘उदक सोडणे’, दानाच्या संकल्पातून. बौद्धांची धार या दोहोंपैकी कोणत्या घराण्यातली?

तर्पणाच्या बाजूचा पुरावा दुबळा नाही. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तात भिंतींबाहेर आणि चव्हाट्यावर ताटकळणारे मृत आप्त, म्हणजे पेत, आहेत. पुण्य त्यांच्यापर्यंत कसे पोहोचते हे सांगताना सुत्त उंचावरून खाली वाहणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त देते, आणि थायलंडात उपासक धार सोडतात ती भिक्खू याच सुत्तातील गाथा म्हणत असताना. हे श्राद्धाचेच बौद्ध रूप आहे, असे मत त्यावरून मांडता येते.

तरीही धारेचा पाठपुरावा केला, तर कौल दानाकडेच जातो. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर, ज्याचे अवशेष आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत, बुद्धांच्या संघाला जेतवन हे उद्यान दान दिल्याचे शिल्प आहे: बैलगाडीतून आणलेली नाणी जमिनीवर अंथरली जात आहेत आणि दाता अनाथपिंडिक हातात झारी धरून उभा आहे. त्या दानात कोणीही मृत आप्त नाही. वेस्सन्तर जातकातील राजपुत्रही पाणी सोडूनच पांढरा हत्ती देतो. या पाण्याला पालीत ‘दक्खिणोदक’, म्हणजे दक्षिणेचे पाणी, म्हणतात. तर्पणाची ओंजळ थेट पितरासाठी असते, तर हे पाणी दान घेणाऱ्या जिवंत व्यक्तीसाठी असते, आणि कोणाचे नाते कोणाशी हे ठरवताना हाच फरक निर्णायक मानला पाहिजे.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते तिरोकुड्ड सुत्ताच्या अट्ठकथेत, म्हणजे पाली टीकेत. बिंबिसार राजाने संघाला दान दिले, पण ते कोणाच्या नावे केले नाही, म्हणून त्याचे पेत झालेले आप्त रात्री आक्रोश करू लागले. दुसऱ्या दिवशी त्याने दक्खिणोदक सोडताना ते दान आप्तांच्या नावे केले आणि त्याच क्षणी पेतांसाठी कमळांनी भरलेली तळी निर्माण झाली. दानाचे जुने पाणी येथे तर्पणाच्या कामाला लावलेले स्पष्ट दिसते. मात्र कम्माचा सिद्धान्त त्यामुळे ढासळला नाही, कारण थेरवादी परंपरेने त्याला अनुमोदनाचा आधार दिला: दुसऱ्याच्या दानाने मनापासून आनंदित होणे हे त्या पेताचे स्वतःचे कुशल कम्म, आणि फळ त्याचे. अंगुत्तर निकायातील जाणुस्सोणि सुत्तानुसारही हे दान फक्त पेतयोनीतील आप्तांना उपयोगी पडते, नरकातल्या किंवा देवलोकातल्या आप्तांना नाही. म्यानमारमध्ये पाणी सोडताना दाता ‘वाटून घ्या’ अशा अर्थाचा शब्द तीनदा उच्चारतो आणि ऐकणारे ‘साधु’ म्हणतात. या उत्तराशिवाय वाटप पुरे होत नाही, ही गोष्ट अनुमोदनाच्या सिद्धान्ताला तंतोतंत धरून आहे.

दानाच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, जरी ती पाली तिपिटकातली नसून आग्नेय आशियातील बुद्धचरित्रांमधली असली तरी. मोहात पाडणाऱ्या माराच्या सैन्याने वेढलेल्या बोधिसत्त्वासाठी धरणीदेवता आपले केस पिळते आणि त्यातून निघालेल्या पुरात ते सैन्य वाहून जाते. बँकॉकमधील सनाम लुआंग मैदानाजवळ याच देवतेच्या मूर्तीची पाणपोई आहे, आणि तिच्या केसांत साठलेले पाणी म्हणजे बोधिसत्त्वाने जन्मोजन्मी दान देताना सोडलेले उदक, असे ही कथा सांगते. पितरांना दिलेली एकही ओंजळ त्यात नाही.