आधी ऐक, मग उघड : कुरुदच्या गॅरेजातला फियाटचा इतिहास



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. छत्तीसगडात कुरुद नावाची दोन ठिकाणं आहेत. एक धमतरी जिल्ह्यातलं. दुसरं भिलाईतलं, कोहक्याच्या शेजारचं, जे एके काळी गाव होतं आणि आता शहराच्या पोटात गेलं आहे. मी बोलतोय ते या दुसऱ्या कुरुदबद्दल. इथे आमचं घर आहे आणि घरासमोर पत्र्याच्या शेडखाली १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नाव पद्मिनी असलं तरी सगळे तिला फियाटच म्हणतात. मीही तेच म्हणणार.

या गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि घरात प्रश्न उभा राहिला : ठेवायची की भंगारात द्यायची? उत्तर शोधता शोधता मी तिचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना लक्षात आलं की कारखान्याचा इतिहास लिहिलेला सापडतो, पण गाडी पन्नास वर्षं चालवली ती ज्यांनी, त्यांचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. म्हणून हा भाग.

आधी कारखान्याकडे जाऊ. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांना देशात तीन गोष्टी बनवायच्या होत्या : जहाज, विमान आणि मोटार. १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला.

त्या काळात जुळणी आणि निर्मिती यांत मोठा फरक होता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता, पण तिथे बाहेरून आलेले भाग नुसते जोडले जायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. म्हणजे भाग इथे बनायला लागले आणि इथे बनले म्हणून पुढे इथेच दुरुस्त होऊ शकले. आपल्या गोष्टीसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

या गाडीचं मूळ असलेलं फियाट ११०० चं मॉडेल १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलं. त्यात वेगळी चॅसिस नव्हती, बॉडी हीच चॅसिस. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. १९६४ साली आपल्याकडे ११०० डिलाइट आली, नंतर काही काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, गाडी जवळपास तीच राहिली. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत हेच चाललं.

या न बदलण्याला आपण खूप नावं ठेवली आणि ते योग्यच होतं. बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हातात यायची जुन्या नकाशाची गाडी. पण याच गोष्टीची दुसरी बाजू गॅरेजात दिसते. तीन-साडेतीन दशकं गाडी तीच राहिल्यामुळे देशभरच्या मिस्त्रींना ती पाठ झाली. कंपनीच्या पुस्तकाची गरज उरली नाही. पुस्तक मिस्त्रीच्या डोक्यात होतं.

आता कुरुदकडे येऊ. आपली मराठी माणसं छत्तीसगडात कशी, असं पुण्या-मुंबईचे श्रोते विचारतात. भोसल्यांचे सरदार भास्करपंत १७४१ साली या भागात आले, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला. इंग्रजांच्या काळात आणि नंतरही, १९५६ पर्यंत, हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे येणंजाणं जुनंच. मग १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या भट्टीचं उद्‌घाटन झालं आणि वर्धा-नागपूरकडची कित्येक मुलं नोकरीसाठी इकडे आली. माझे बाबा त्यांतलेच, टर्नर म्हणून लागले.

गंमत अशी की भिलाईचं पोलाद आमच्या गाडीच्या कामाचं नव्हतं. मोटारीला पातळ पत्रा लागतो. भिलाईत तयार होतात ते रेल्वेचे रूळ, जाड प्लेटा, सळ्या. भिलाईने गाडीला पत्रा दिला नाही, पण हात दिले. कारखान्याभोवती लेथची, वेल्डिंगची छोटी वर्कशॉप उभी राहिली आणि मापात काम करणारी माणसं गल्लोगल्ली तयार झाली. बुश झिजलं तर नवं बुश मुंबईहून येईपर्यंत थांबायची गरज नव्हती, कोपऱ्यावरच्या लेथवर ते कातून मिळायचं.

बाबांनी १९८६ साली नागपुरातून ही फियाट जुनी म्हणून घेतली. आम्ही तेव्हा सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहायचो, पण गाडीचा मिस्त्री कुरुदचा होता. मी त्याला कका म्हणतो. छत्तीसगडीत काकाला कका म्हणतात. आज त्याचं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे.

ककाचं पहिलं वाक्य मी शाळेत असताना ऐकलं ते असं : "पहिली सुन, तब खोल." आधी ऐक, मग उघड. गाडी आली की तो बॉनेट उचलून नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, याला काही कळत नाहीये. प्रत्यक्षात तो टॅपेट ऐकत असायचा. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला एक भाग, तिथे बारीकशी फट ठेवलेली असते. फट जास्त झाली की टिकटिक आवाज येतो. फट कमी झाली की आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. म्हणजे आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प बसणारा घातक. "मिस्त्री, गाडी एकदम शांत झाली," असं गिऱ्हाईक खुशीत सांगायचं, तेव्हा कका काळजीत पडायचा.

दुसरी गोष्ट पॉइंटची. डिस्ट्रिब्युटरमधले दोन पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधून हजारो व्होल्टची ठिणगी पडते. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फट वाढली तर ठिणगी वेळेआधी पडते, कमी झाली तर उशिरा, आणि पॉइंट जळायला लागतात. हे फिलर गेजने मोजतात. गेज हरवलं तर कका जाड कागदाने भागवायचा. बाबा टर्नर, त्यांना हे मुळीच चालायचं नाही. ते घरून स्वतःचं गेज घेऊन जायचे आणि मोजून पाहायचे. बहुतेक वेळा ककाचं माप बरोबर निघायचं. निघालं नाही तर दोघं बराच वेळ भांडायचे आणि मग चहा प्यायचे.

उन्हाळ्यातला त्रास इथल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ठाऊक आहे. मे महिन्यात आम्ही जी. ई. रोडने नागपूरला निघायचो. राजनांदगाव ओलांडलं की भर दुपारी गाडी बंद. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. बाबा ओला पंचा पंपाभोवती गुंडाळायचे, आम्ही झाडाखाली दशम्या खायचो आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू व्हायची. पुस्तकात याला व्हेपर लॉक म्हणतात. आमच्या घरात याला "पंचा लागला" म्हणत.

आता मुख्य मुद्दा. नव्वदच्या दशकात पेट्रोल महागलं आणि पुष्कळांनी आपल्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. बाबांनीही ठरवलं होतं. त्या कामात ककाला चांगले पैसे मिळाले असते. पण तो म्हणाला, "इंजन ल झन बदलव, बाबूजी." इंजिन बदलू नका. त्याचं कारण साधं होतं. सिलिंडर झिजले तर बोअरिंग करून थोडा मोठा पिस्टन टाकता येतो, क्रँक घासून नवी बेअरिंगं बसवता येतात. हे इंजिन पुन्हा पुन्हा उभं करता येईल असंच बनवलेलं आहे. उलट जड डिझेल इंजिनाच्या धक्क्यांनी बॉडी फाटेल, आणि इथे बॉडी हीच चॅसिस. बाबांनी ऐकलं. आम्ही दोनदा बोअरिंग केलं, इंजिन तेच ठेवलं.

या सल्ल्याची खरी किंमत मला तीस वर्षांनी कळली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खाजगी वापरातली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. जुना नंबरही ठेवता येतो. डिझेल इंजिन टाकलं असतं तर हे दार आमच्यासाठी बंदच झालं असतं.

पण या दाराला एक अट आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल, एवढ्यासाठीच. दुसरा रस्ता साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी त्याचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे आणि तपासणीत पासही व्हावं लागतं. तिसरा रस्ता भंगाराचा. भंगारवाला दोनदा येऊन गेला. खरं सांगतो, दुसऱ्या वेळी मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. बाबा आता नाहीत. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करतं. सुटे भाग मिळवायला धावाधाव होते.

मी ककाला विचारायला गेलो. गॅरेज आता अर्धवेळ चालतं. त्याचा मुलगा नव्या गाड्या स्कॅनर लावून दुरुस्त करतो आणि उत्तम करतो. त्याच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण टॅपेट ऐकायला शिकलेलं तिथे दुसरं कोणी नाही. ककाने ठेव किंवा वीक काहीच म्हटलं नाही. त्याने गाडी सुरू करायला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट गप्प आहे. उघडून मोजलं. फट नव्हतीच.

त्या दिवशी माझं ठरलं. मी साधी नोंदणीच ठेवली. कारण प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा जपला जातो, पण तिचं ऐकायला शिकायचं तर ती चालायला हवी. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवले. मग तीन महिने दर रविवारी वही घेऊन ककाकडे बसलो. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, कोणता नट कधी घट्ट करू नये, कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीचा चालतो, सगळं लिहून घेतलं. ककाचा मुलगाही हळूहळू शेजारी येऊन बसायला लागला. आता पॉइंटची फट तो लावतो, आणि बाबांचं गेज मी त्याला दिलं आहे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. ती टॅक्सी वीस वर्षं रस्त्यावर ठेवणाऱ्या मिस्त्रीची बातमी माझ्या तरी वाचनात आली नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावात किंवा हैदराबादेत, तुमच्या भागात असा एखादा कका नक्की असेल. गाडी तुमची नसली तरी चालेल. एक वही घेऊन जा, आणि तो बॉनेट उचलून नुसता उभा राहिला तर घाई करू नका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.