पारख आणि राखण

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर फार झाले. मुलींच्या फुटबॉलविषयी आम्ही काय बोलणार, असे कोणासही वाटेल. परंतु या खेळाच्या इतिहासातले एक मोठे पान कामगार स्त्रियांचेच आहे.

इंग्लंडात प्रेस्टन येथे डिक, कर आणि कंपनीचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळा तयार करणाऱ्या मुलींनी १९१७ साली आपला संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० लोक लोटले. पुढल्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही. सबब क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत. शरीराचे निमित्त करून घातलेली ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली.

आता मैदान खुले आहे आणि शरीराची रीतसर तपासणी होते. कॉलेजच्या खेळाडू मुलीला एका पायावर उभी करून दुसरा पाय तीन दिशांना किती पोहोचतो ते मोजतात. खोक्यावरून उडी मारावयास लावून उतरताना गुडघे आत वळतात काय, हे पाहतात. यास कारणही आहे. गुडघ्यातील पुढचा तिरपा बंध मुलांपेक्षा मुलींमध्ये दुप्पट-तिप्पट प्रमाणात तुटतो. पुष्कळदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. एकदम वळताना गुडघा दगा देतो आणि वर्षभराचा खेळ बुडतो.

तथापि तपासणी म्हटली की आमच्या पोटात गोळा येतो. एका कारखान्यात डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'अनफिट' असा शेरा पडला की माणसाची रोजी जाई, हे आम्ही पाहिले आहे. दुखणे बरे करण्याचे नाव कोणी काढीत नसे. मुलींच्या बाबतीत तसेच झाले, तर १९२१ चा ठराव मागील दाराने परत येईल.

शिवाय त्या पारखीवर किती विसंबावे? नॉर्वेत सातशेहून अधिक अव्वल फुटबॉल व हँडबॉल खेळाडू मुलींची उडी तपासून पुढे कित्येक वर्षे नोंद ठेवली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उडीवरून कोणाचा बंध तुटेल हे सांगता येत नाही. उलट त्याच देशात १३ ते १७ वर्षांच्या मुलींकडून खेळापूर्वी २० मिनिटे धाव, तोल, ताकद आणि नीट उतरण्याची कसरत करून घेतली, तेव्हा गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००८ साली दिसून आले.

आमच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे २१ वे कलम हेच सांगत असे. कोणत्या कामगाराचा हात सापडेल, हे ते विचारीत नसे; फिरत्या चाकाला सर्वांसाठी गार्ड लावा म्हणत असे. तपासणी जरूर करावी, पण कोणीच्या पायात काय उणे आहे ते भरून काढण्यासाठी. नाव खोडण्यासाठी नव्हे.

२०२२ साली आशियाई महिला चषकाचे सामने पुण्यात बालेवाडीस झाले. वरवंडहून बालेवाडी काही विलायत नव्हे. आपली लेक उद्या मैदानात उतरली, तर शिक्षकांना एवढेच विचारा: ती २० मिनिटे रोज होतात ना?